छताची फरशी आणि तिची जोड

अलीकडच्या कचेऱ्यांत, रुग्णालयांत आणि मोठ्या दुकानांत मान वर करून पाहिलें असतां इमारतीच्या खऱ्या छताचें दर्शन सहसा होत नाहीं. खऱ्या छताखालीं हात-दीड हात अंतर सोडून तारांनीं टांगलेली धातूची हलकी जाळी असते, आणि त्या जाळीच्या घरांत पांढरे चौकोनी तुकडे नुसते टेकवून ठेवलेले असतात. विजेच्या तारा, पाण्याचे नळ, थंड हवेचे मार्ग हा सारा पसारा त्यांच्या पाठीमागें दडतो. मग एखाद्या वर्षीं वरचा नळ गळतो, एका चौकोनावर चहा सांडल्यासारखा पिवळसर डाग उमटतो, आणि तेवढा तुकडा बदलावा म्हणून कोणी बाजारांत जातो. तेथें त्याला कळतें कीं, त्या नक्षीचा तुकडा काढणें कारखान्यानें केव्हांच बंद केलें आहे. माप जुळतें तर टिपक्यांची जात निराळी निघते; टिपके जुळले तर कड निराळी; आणि दोन्ही जुळून आलीं तरी नव्याचा पांढरेपणा जुन्याच्या पांढरेपणाशेजारीं परका दिसतो. शेवटीं पुष्कळ ठिकाणीं कपाटामागच्या कोपऱ्यांतील जुना तुकडा काढून दर्शनी जागीं बसवितात आणि नवा तुकडा कपाटामागें ढकलून देतात.

ही युक्ति क्षुल्लक वाटेल. परंतु न्यूयॉर्क शहरांतील एका विलक्षण टांगत्या छताच्या बाबतींत वीस-पंचवीस वर्षांच्या विचारानंतर जो उपाय योजण्यांत आला, त्याचें मूळ तत्त्व हिच्याहून फारसें निराळें नव्हतें. फरक इतकाच कीं, तेथें प्रत्येक तुकडा भाजलेल्या मातीचा होता, त्याच्या अंगांत रंगीत नक्षी जडविलेली होती, तो अटलांटिक महासागर ओलांडून आलेला होता, आणि अशा तुकड्यांची एकंदर संख्या १५,८७६ होती.

सेंट्रल पार्क हें न्यूयॉर्कचें प्रसिद्ध उद्यान ८४३ एकरांचें आहे. १८५८ सालीं त्याच्या आराखड्यासाठीं झालेल्या स्पर्धेंत फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स या जोडीची योजना पसंत ठरली. उद्यानांत निसर्गानें पुढें असावें व बांधकामानें मागें राहावें, असें या दोघांचें धोरण होतें. त्या धोरणाला मुद्दाम केलेला मोठा अपवाद म्हणजे सरोवराच्या कांठचा बेथेस्डा टेरेस. हें स्थळ म्हणजे उद्यानाचा जणूं दिवाणखाना. वरून गाड्यांचा रस्ता जातो. रस्त्याच्या पोटांतून जिना खालीं उतरतो. उतरलेला मनुष्य कमानींच्या एका दालनांत येतो, आणि दालन ओलांडतांच समोर कारंजें व त्यापलीकडे सरोवर दिसतें. क्रोटन नदीचें स्वच्छ पाणी १८४२ सालीं शहरांत आलें, त्याची आठवण म्हणून कारंज्यावर देवदूताची मूर्ति उभी आहे. एमा स्टेबिन्स या शिल्पकर्त्रीनें केलेल्या त्या मूर्तीचें अनावरण १८७३ सालीं झालें. प्रवाशांचे डोळे बहुधा या मूर्तीवर खिळतात. ज्या दालनांतून ते आलेले असतात त्याच्या माथ्याकडे पाहण्याचें पुष्कळांना सुचत नाहीं.

त्या माथ्याचा कल्पक जेकब रे मोल्ड. हा इंग्लंडांत १८२५ सालीं जन्मला आणि १८५२ सालीं न्यूयॉर्कला आला. तरुणपणीं त्यानें ओवेन जोन्स या वास्तुशास्त्रज्ञाच्या हाताखालीं काम केलें होतें. ग्रानाडा येथील मूर राजांच्या अलहंब्रा राजवाड्याचीं मापें व नक्ष्या जोन्सनें टिपून प्रसिद्ध केल्या होत्या, आणि देशोदेशींच्या अलंकरणावरील त्याचा मोठा ग्रंथ १८५६ सालीं बाहेर पडला होता. त्या सहवासांतून मोल्डला रंगाचें वेड लागलें. दगडी इमारत ही राखाडीच असली पाहिजे, हें त्याला कधीं पटलें नाहीं. रस्त्याखालचें दालन स्वभावतःच अंधारें. दिव्यांनीं तें उजळण्याचा तो काळ नव्हता. तेव्हां रंग कोठें द्यावा, हा प्रश्न त्यानें आपल्या पद्धतीनें सोडविला. फरसबंदीला शोभणारी वस्तु त्यानें डोक्यावर नेली.

फरशीचा धर्म पायाखालीं राहण्याचा. जमिनीवर तिचें वजनच तिला जागच्या जागीं ठेवतें. छताला लावली कीं तेंच वजन तिचें वैरी होतें. गिलाव्यानें चिकटवून ती तेथें फार दिवस राहती ना. म्हणून छताचे ४९ भाग पाडण्यांत आले व प्रत्येक भागांत एका बाजूस १८ व दुसऱ्या बाजूस १८ अशा ३२४ फरश्या आल्या. फरशीच्या पाठीवर खांच ठेवून तींत धातूची खीळ अडकविली आणि त्या खिळीच्या आधारें फरशी लोखंडी सांगाड्याला टांगली. म्हणजे कचेरींतील आजचें टांगतें छत आणि हें छत यांची कल्पना एकच. एकाचा तुकडा उचलून बाजूस ठेवतां येतो, दुसऱ्याचा तुकडा खिळीनें जखडलेला असतो, एवढेंच. या जातीची फरशी छताला लावल्याचें असें दुसरें उदाहरण जगांत माहीत नाहीं, असें या विषयाचे जाणकार सांगतात.

या फरश्या इंग्लंडांतील स्टोक-ऑन-ट्रेंट येथील मिन्टन कंपनीच्या. कारखाना १७९३ सालीं निघाला, पण फरशीसाठीं त्याचें नांव झालें तें संस्थापकाचा मुलगा हर्बर्ट मिन्टन याच्या चिकाटीमुळें. युरोपांत मध्ययुगीं मठांच्या व चर्चच्या जमिनींवर एका रंगाच्या मातींत दुसऱ्या रंगाची माती जडवून फरश्या करीत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीच्या सभागृहांत तेराव्या शतकांतील अशी फरसबंदी आजहि आहे. पुढें मठ मोडले, कारागीर पांगले आणि ही विद्या नाहींशी झाली. १८३० सालीं सॅम्युएल राइट नांवाच्या कुंभारानें अशा फरश्या करण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. त्यांत मिन्टननें वांटा विकत घेतला आणि पुढील कित्येक वर्षें भट्टींतून वांकड्या-तिकड्या, तडकलेल्या व नक्षी निखळलेल्या फरश्या बाहेर काढण्यांत घालविलीं. जुनी फरसबंदी दुरुस्त करावयाची तर तशीच नवी फरशी हवी, ही गरज त्या काळच्या इंग्रज वास्तुकारांनाहि भासत होती. म्हणजे ज्या फरशीची जोड पुढें जग शोधीत फिरलें, ती स्वतःच एका हरवलेल्या फरशीची जोड म्हणून जन्मास आली होती.

ही विद्या हरवली कशी आणि सांपडावयास इतके कष्ट कां पडले, हें समजण्यासाठीं फरशी कशी होते तें पाहिलें पाहिजे. इंग्रजींत हिला एन्कॉस्टिक म्हणतात. मराठींत जडावाची फरशी म्हटलें तर अर्थ चांगला कळतो. प्लॅस्टरच्या सांच्याच्या तळाशीं नक्षी उठावदार असते. त्यांत मऊ माती दाबून काढली म्हणजे फरशीच्या अंगावर नक्षीच्या जागीं खोलगट घरें पडतात. त्या घरांत दुसऱ्या रंगाची, दह्याइतकी दाट केलेली माती ओततात. पाणी सुटून ती बसूं लागली कीं पुनः ओततात, कारण सुकतांना ती खालीं जाते. कांहीं दिवसांनीं फरशी चामड्यासारखी घट्ट झाली म्हणजे वरचा थर पात्यानें खरडून काढतात. आणि मग त्या खरडण्यानें, राखेखालून निखारा दिसावा तशी, नक्षीची कड स्वच्छ उमटते. पुढें फरशी सावकाश सुकवून भट्टींत घालतात.

येथपर्यंतचें काम कोणत्याहि हुशार कारागिरास शिकतां येईल. खरी अडचण भट्टींत आहे. माती सुकतांना व भाजतांना आंखडते, दहांत एक भाग आंखडणें हें सामान्य आहे. अंगाची तांबडी माती व नक्षीची पिवळी, निळी किंवा पांढरी माती एकाच मानानें आंखडली नाहीं, तर नक्षी घरांतून सुटून पडते किंवा अंगालाच तडा जातो. आणि प्रत्येक रंगाची माती निराळी, तिच्यांतील धातूचा अंश निराळा. लोखंडाचा अंश तांबडा रंग देतो, कोबाल्ट निळा, मँगनीज काळसर. प्रत्येकाचें मिश्रण असें बेतावें लागतें कीं, सुकण्यांत व भाजण्यांत सगळ्यांनीं एकमेकांच्या पावलाबरोबर पाऊल टाकावें. स्टोकच्या परिसरांत एट्रूरिया मार्ल नांवाची लोहयुक्त तांबडी माती मुबलक मिळते, ही त्या गांवाची मोठी जमेची बाजू. मिश्रणांचीं प्रमाणें कारखान्याच्या वह्यांत असत; पण त्या दिवशींची माती किती ओली आहे, भट्टीच्या कोणत्या कोपऱ्यांत किती आंच लागते, हें वहींत नसे. तें हातांत असे.

मिन्टनच्या नंतरच्या यशाची कथा थोडक्यांत सांगितली तरी चालेल. लंडनच्या पार्लमेंटच्या नव्या इमारतीची फरसबंदी त्यांनींच पुरविली. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलचा विस्तार होत असतां थॉमस वॉल्टर या वास्तुकारानें १८५६ पासून तेथील मार्गिकांत याच फरश्या घातल्या. मुंबईकरांनाहि त्या अगदीं अपरिचित नाहींत. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयांत, ज्याला लागून असलेला राजाबाई मनोरा १८७८ सालीं पुरा झाला, मिन्टनच्या फरश्या आहेत. कुलाब्याच्या अफगाण चर्चची फरसबंदीहि इंग्लंडांतून आणलेल्या फरश्यांची आहे. पुढें १९२२ सालीं उरण येथें सिमेंटच्या रंगीत फरश्यांचा स्वदेशी कारखाना निघाला, आणि मातीऐवजीं सिमेंट व भट्टीऐवजीं दाबयंत्र वापरून झालेल्या त्या फरश्या मुंबईच्या चाळींत व बंगल्यांत सर्रास दिसूं लागल्या. सिमेंटच्या फरशीला आंखडण्याची चिंता नाहीं. परंतु भाजलेल्या मातीच्या फरशीशेजारीं ती ठेवली तर डोळ्याला लगेच कळतें, आणि न्यूयॉर्कच्या छतासाठीं ती उपयोगी पडण्याजोगी नव्हती.

त्या छताचा नाश फरशीनें केला नाहीं. नाश आला वरून. दालनाच्या माथ्यावर रस्ता. रस्त्यावर पाऊस, बर्फ, आणि न्यूयॉर्कच्या हिवाळ्यांत गोठणारें व वितळणारें पाणी. वरच्या बांधणींतून तें पाणी झिरपूं लागलें व लोखंडी सांगाड्यापर्यंत पोंचलें. गंजलेलें लोखंड मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतें. त्यामुळें सांगाडा फुगला, फरश्यांवर दाब आला, कांहीं तडकल्या, कांहीं निसटल्या. क्षार फरशींतून झिरपून तोंडावर पांढरे ओघळ धरूं लागले. त्यांत १९७० नंतर शहराची तिजोरी रिकामी होत गेली, १९७५ सालीं तर शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलें. उद्यानाकडे पाहण्यास माणसें उरलीं नाहींत. दालनाच्या भिंतींवर रंगानें नांवें व शिव्या लिहिल्या गेल्या, आणि दिवसाढवळ्या तेथून जाण्यास लोक कचरूं लागले. अशा स्थितींत १९८० सालीं सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी ही संस्था स्थापन झाली. तिनें व शहरानें मिळून पहिल्या कांहीं वर्षांतच घेतलेला एक निर्णय म्हणजे छत उतरविण्याचा. फरश्या काढून पेट्यांत भरून ठेवल्या गेल्या. आणि तेथें त्या वीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिल्या. इतकीं वर्षें दालनाचें छत उघडें, बोडकें होतें.

हा विलंब केवळ पैशाच्या अभावाचा म्हणून सांगितला जातो. तें खरें आहे, पण पुरतें खरें नाहीं. पेट्या उघडून मोजणी झाली तेव्हां बहुसंख्य फरश्या वांचविण्याजोग्या आहेत व कांहीं मुळींच नाहींत, हें दिसून आलें. त्या कांहींची जोड कोठून आणावयाची?

अशा प्रश्नाचें उत्तर वॉशिंग्टनला पूर्वींच एकदां फार वाईट मिळालें होतें. तेथील कॅपिटॉलच्या मार्गिकांतील फरश्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या पायघसटीनें झिजल्या, तेव्हां त्यांची जोड मिळेना. निरुपायानें कित्येक ठिकाणीं नक्षीची फरशी उखडून साधी फरशी किंवा संगमरवर घालावा लागला. यांत कोणाचा आळस नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीं लोकांची आवड बदलली, नक्षीदार फरसबंदी जुनाट ठरली, मागणी बसली. आणि मागणी बसली कीं मातीचीं मिश्रणें बेतणारा माणूस दुसऱ्या कामाला जातो व त्याच्या मुलाला तें काम शिकविण्याचें कारण राहत नाहीं. १९५६ सालीं इंग्लंडांत स्वच्छ हवेचा कायदा झाला. त्यामुळें स्टोकच्या आकाशांत उभ्या असलेल्या, बाटलीच्या आकाराच्या, दगडी कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या एकेक करून थंड झाल्या. आठवण राहावी म्हणून अशी एक भट्टी १९७८ सालीं शेवटची पेटविण्यांत आली. कारखाने एकमेकांत विलीन होत गेले. १९६८ सालीं जॉन्सन व रिचर्ड्स या मोठ्या घराण्यांचा संयोग झाला, आणि मिन्टनच्या फरशीचा वारसा अखेर त्याच कुटुंबांत आला. जॉन्सन हें नांव आपल्याकडील घरांना चांगलें परिचयाचें आहे. त्या कंपनीची हिंदुस्थानी शाखा ठाण्यास १९५८ सालीं सुरू झाली, आणि न्हाणीघरांतील पांढऱ्या फरशीला कित्येक कुटुंबांत त्याच नांवानें ओळखीत. याच जॉन्सनच्या स्टोक येथील कारखान्यानें मग जुन्या रीतीचा पुनः अभ्यास केला, आणि १९८६ पासून कॅपिटॉलमध्यें जुन्यांशीं मिळत्या नव्या फरश्या बसविण्याचें काम सुरू झालें. सुमारें दीड शतकांत एकाच गांवानें एकच विद्या दोनदां नव्यानें शोधून काढावी, हें मातीकामाच्या इतिहासांतील मोठें चमत्कारिक प्रकरण आहे.

न्यूयॉर्कच्या छतासाठीं नव्या फरश्या आल्या त्याहि स्टोकहूनच. त्या मॉ आणि कंपनी या नांवाखालीं झाल्या. मूळची मॉ कंपनी १८५० सालीं निघाली होती, श्रॉपशर परगण्यांत तिचा प्रचंड कारखाना होता, आणि एकोणिसाव्या शतकांत ती मिन्टनची प्रतिस्पर्धी होती. मिन्टनच्या छताची भोंकें मॉच्या नांवाच्या फरशीनें भरावीं, यांत इतिहासानें थोडी थट्टा केली आहे.

नमुन्यादाखल जुनी फरशी कारागिराच्या हातीं दिली म्हणजे काम झालें, अशी समजूत साहजिक आहे. जुन्या फरशीवरून थेट सांचा घेतला, तर त्यांतून निघणारी फरशी भट्टींत आंखडून धाकटी होते. ती जुनीच्या शेजारीं बसतच नाहीं. म्हणून नक्षी आधीं मोजून, आंखडण्याच्या मानानें वाढवून, मग सांचा करावा लागतो. आणि मान नेमकें किती तें त्या मातीची फरशी भाजून पाहिल्यावांचून कळत नाहीं. दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. कोळशाच्या जुन्या भट्टींत आंच सारखी नसे, त्यामुळें एका घाण्याच्या फरश्यांतहि रंगाच्या छटा थोड्या कमी-अधिक असत. आजच्या भट्टींत उष्णता काट्यावर तोलल्यासारखी असते. तींतून निघणाऱ्या शंभर फरश्या जुळ्या भावांप्रमाणें एकरंगी. जुन्यांच्या मेळाव्यांत त्या उठून दिसतात त्या दोषामुळें नव्हे, तर निर्दोषपणामुळें.

मग प्रश्न येतो कीं, नव्या फरशीनें जुळावयाचें कोणाशीं? १८६९ सालीं पेटींतून निघालेल्या फरशीशीं, कीं शंभर वर्षें धूर, क्षार व ओल सोसलेल्या फरशीशीं? जमिनीवरच्या कामांत हा पेंच फार बिकट असतो, कारण तेथें पायांनीं नक्षीच खाल्लेली असते. खाल्लेल्या नक्षीशेजारीं कोरी नक्षी ठेवली तर ती ठिगळासारखी दिसते, आणि मुद्दाम झिजवून ठेवली तर ती लबाडी होते. छताच्या फरशीवर कोणी चालत नाहीं. तिच्यावर काजळी बसते, क्षार येतात, गंजाचे डाग पडतात. परंतु नक्षीची कड शाबूत राहते. ती धुऊन, क्षार काढून स्वच्छ केली कीं खालून मोल्डच्या हयातींतील रंग पुनः वर येतो. म्हणून येथें नव्यानें जुन्याच्या वयाशीं जुळण्याची गरज नव्हती. जुन्यानेंच थोडें मागें येऊन नव्याला भेटावयाचें होतें. चौदा हजारांहून अधिक फरश्या हातानें साफ व दुरुस्त करण्याचें कंटाळवाणें काम हेंच या उद्योगाचें खरें अंग होय, आणि त्याचें कौतुक नव्या फरश्यांपेक्षां अधिक झालें पाहिजे.

जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीविषयीं पाश्चात्य देशांत दीडशें वर्षें वाद चालला आहे. रस्किननें १८४९ सालींच जीर्णोद्धार म्हणजे असत्य असा धोशा लावला होता. विल्यम मॉरिसनें १८७७ सालीं जुन्या इमारतींच्या रक्षणासाठीं मंडळ काढलें तें याच भूमिकेवर. १९६४ सालीं व्हेनिस येथें तज्ज्ञांनीं जी सनद ठरविली तींत या वादाचा निवाडा दोन अटींत आहे. बदललेला भाग संपूर्ण वास्तूशीं सुसंगत दिसला पाहिजे, आणि तरीहि तो मूळचा नव्हे हें ओळखूं आलें पाहिजे. वाचावयास हें सोपें आहे. प्रत्यक्षांत एक अट दुसरीचे पाय ओढते. फरशी उत्तम जुळली तर ती फसवते, आणि फसवूं नये म्हणून वेगळी ठेवली तर ती जुळत नाहीं.

न्यूयॉर्कला जो मार्ग पत्करला गेला तो असा. निकामी फरश्यांच्या जागीं एकेक नवी फरशी घालीत बसण्याऐवजीं जुन्या फरश्यांनीं ४६ चौकटी भरण्यांत आल्या, आणि उरलेल्या तीन चौकटी सर्वस्वी नव्या फरश्यांच्या केल्या. तिनाला ३२४ नीं गुणलें तर ही संख्या हजाराच्या थोडी आंत येते. नव्या फरशीच्या शेजारीं नवीच फरशी येत असल्यामुळें एकरंगीपणाचा दोष खुपत नाहीं. चौकटींमधील पट्ट्या डोळ्याला विसांवा देतात. आणि नवें कोणतें व जुनें कोणतें याची सरमिसळ होत नाहीं. कपाटामागच्या तुकड्याची युक्ति ती हीच, फक्त येथें नवें लपविलेलें नाहीं. या मार्गांत कांहीं हरवतें हेंहि मान्य केलें पाहिजे. १८६९ सालीं जी फरशी ज्या खिळीला होती ती आतां तेथेंच असेल असें नाहीं. वस्तु मूळची राहिली, पण तिची जागा मूळची राहिली नाहीं. अतिशुद्धतावाद्यांना हें रुचणार नाहीं. तथापि दुसरा पर्याय प्रत्येक चौकटींत पांच-दहा परकी ठिगळें पाहण्याचा होता, आणि मान वर करून पाहणाऱ्याच्या दृष्टीनें तो खात्रीनें वाईट ठरला असता.

सगळ्या कामास सुमारें सत्तर लक्ष डॉलर लागले, आणि मार्च २००७ मध्यें छत पुनः लोकांस खुलें झालें. वरच्या रस्त्याचें पाणी खालीं येऊं न देणें हें आतां या छताच्या निगराणींतील पहिलें काम आहे. फरश्या भक्कम आहेत, त्यांना धोका पूर्वींप्रमाणेंच वरून आहे. खालीं दालनांत दिवसभर गवई, वादक व त्यांचे श्रोते यांची वर्दळ असते, कारण दगडी भिंतींमुळें तेथें आवाज चांगला घुमतो. त्यांच्या डोक्यावर ४९ चौकटी आहेत. त्यांतील तीन कोणत्या, हें खालून पाहून सांगणें जाणत्यालाहि सोपें जात नाहीं.